घोरणं थांबलं की

गेल्या वर्षी माझी झोप तपासली. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी चिकटवल्या आणि वर मला सांगतात, "आजी, आता निवांत झोपा." मी त्या मुलीला म्हटलं, "बाई गं, तुला असं जखडून ठेवलं तर तू झोपशील का?" पण झोपले खरी. नंतर डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर वरखाली जाणाऱ्या रेघा दाखवल्या. ही कच्ची झोप, ही गाढ, ही स्वप्नांची. गाढ झोपेत माझा श्वास बऱ्यापैकी चालला होता. स्वप्नं सुरू झाली की अंग पार सैल पडतं, घसा मिटतो, श्वास अडतो आणि मग जीव दचकून स्वतःलाच उठवतो. "तुम्हाला यातलं काही कळतही नसेल," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मला सगळं ठाऊक आहे." त्यांना वाटलं, म्हातारीने मोबाईलवर वाचलं असेल. मोबाईल कसला! लालबागच्या आमच्या खोलीत, भरदिवसा, मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती.

माझे बाबा कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. रातपाळी कायमची. सकाळी घरी आले की पेज प्यायची आणि गोधडीवर उताणं पडायचं. पडल्या पडल्या घोरणं सुरू. रातपाळीचा माणूस झोपला की गॅलरीत आवाज करायचा नाही, हा आमच्या चाळीचा रिवाज होता. पोरांच्या पाठीत धपाटे बसायचे, बायका कुजबुजत बोलायच्या. पण कुटणं-कांडणं, भांडी घासणं किती वेळ अडवून धरणार? म्हणून बायकांनी आपली एक खूण ठरवली होती. माणूस घोरतोय तोवर झोप कच्ची. घोरणं थांबलं की गाढ लागली, आता खुशाल कामं करा. बाबांचं घोरणं थांबलं की गॅलरीत कुणीतरी "लागली एकदाची" म्हणायचं आणि शेजारच्या काकूंचा बत्ता मिरच्यांवर पडायचा.

आणि नेमके तेव्हाच बाबा धडपडून उठायचे. तोंड वासलेलं, कपाळावर घाम, हात गळ्याशी. आई बाहेर धावायची. "माझ्या माणसाची झोप खाल्ल्यात तुम्ही, वैनी!" काकूही काही कमी नव्हत्या. "मगे आमी काय सुकी भाकरी खावची?" मालवणीतून सुरू झालेलं हे भांडण अख्ख्या मजल्याला पुरायचं. शेवटी दोघींनी बोलणंच टाकलं. नळावर एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहायच्या.

भांडण परवडलं असतं, पण बाबांची झोप होत नव्हती आणि ते साच्यावर पेंगत होते. चालू साच्यापुढे पेंगणं म्हणजे खेळ नव्हे. सूत वाहून नेणारा धोटा सुसाट धावतो, उडाला तर माणसाचा डोळा फोडतो. एकदा जॉबरने, म्हणजे खात्यावरच्या मुकादमाने, त्यांना उभ्याउभ्या झोपलेलं पकडलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पुन्हा डोळा लागलेला दिसला तर साचे बदलीवाल्याला देऊन टाकीन." सोबतचे लोक त्यांना कुंभकर्ण म्हणायचे. बाबा हसण्यावारी न्यायचे. घरी मात्र म्हणायचे, "मी झोपलंय खंय? नुसते डोळे मिटलंय." त्यांच्या साच्यांवर आमचं सगळ्यांचं पोट होतं. मला हसू येत नसे, संताप यायचा.

अशात एकदा बंद पुकारला गेला. गिरण्यांचे भोंगे वाजले नाहीत, दुकानं उघडली नाहीत आणि सगळी चाळ मोर्च्याला निघाली. आई बायकांच्या जथ्यात गेली, काकूही गेल्या, अर्थात वेगवेगळ्या रांगांतून. बाबा पहाटे पाळी संपवून आले होते. मला म्हणाले, "जरा पाठ टेकतंय. घोषणा ऐकू येवक लागल्यो की उठव माका." मी त्यांच्या उशाशी बसले. इतकी शांत चाळ मी कधी पाहिली नव्हती. कुठे भांडं वाजत नव्हतं, पोर रडत नव्हतं. मला वाटलं, आज तरी बाबा पोटभर झोपतील.

सुरुवातीला झोपले छान. घोरणं संथ, एका लयीत. मग बऱ्याच वेळाने त्यांच्या मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे फिरायला लागली. बोटं मधूनच थरथरली. आणि घोरणं थांबलं. मनात म्हटलं, लागली गाढ. पण पोटाकडे पाहिलं तर ते जोरजोरात वर-खाली होत होतं, जसं माणूस बंद दार आतून ढकलतोय. मी नाकाखाली हात धरला. वारा नव्हता. हाक मारायला तोंड उघडलं तेवढ्यात मोठा घुरका देऊन ते दचकले, कूस न बदलता परत झोपले आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. अख्ख्या चाळीत चिटपाखरू नव्हतं. काकूंचा खलबत्ता गॅलरीच्या कोपऱ्यात पालथा पडला होता.

घोषणा आल्या तेव्हा मी त्यांना हलवून उठवलं. "सपान पडला," ते गळा चोळत म्हणाले, "कोण तरी गळो धरून बसलोहा." ते सावध होईपर्यंत मोर्चा पुढे निघून गेला होता. ते उंबऱ्यात बसून राहिले. ज्या गोष्टीसाठी सगळं गिरणगाव रस्त्यावर आलं होतं, तिच्या दिवशी आपण झोपून राहिलो याची त्यांना भयंकर लाज वाटत होती. मला त्यांची इतकी दया आली की मी तिथेच ठरवलं, याचा छडा लावायचाच.

संध्याकाळी आईला सांगितलं, "काकूंचा काही दोष नाही. बाबांचा श्वासच थांबतो." आई म्हणाली, "तू मोठी शहाणी झालंस!" मग दुसऱ्या दिवशी मी तिला हात धरून बाबांच्या उशाशी बसवली. घोरणं थांबलं. गॅलरीत कुणीतरी "लागली" म्हणालं. मी आईचा हात उचलून बाबांच्या नाकाखाली धरला. आईचा चेहरा उतरला. श्वास परत येईपर्यंत तिने हात तिथून काढला नाही.

बाबांना दवाखान्यात नेणं हे वेगळंच दिव्य होतं. घोरण्यासाठी कुणी डॉक्टरकडे जातं का, म्हणून ते अडून बसले. खाली मैदानात रोज "झालाच पाहिजे" चाललेलं असायचं. मीही जिन्यात उभी राहून ओरडले, "बाबांची झोप झालीच पाहिजे!" पोरांना तेवढंच हवं होतं. चारी मजल्यांची पोरं ओरडायला लागली, तेव्हा बाबांनी लाजेकाजेस्तव टोपी चढवली. परळचे डॉक्टर हसले. "थकलेला माणूस घोरणारच, बाळ." मी म्हटलं, "घोरण्याचं नाही, घोरणं थांबतं त्याचं विचारतेय." त्यांनी हसणं थांबवलं, मला सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि बॅटरी लावून बाबांचा घसा पाहिला. "याला नाव काय द्यावं मला माहीत नाही," ते म्हणाले, "पण घसा अरुंद आहे आणि उताणं झोपल्यावर जीभ मागे पडत असणार. कुशीवर निजवून बघ." एवढं प्रामाणिक उत्तर मला पुढे फार कमी डॉक्टरांनी दिलं.

कुशीवर श्वास चालला! पण पापण्या हलायला लागल्या, अंग सैल पडलं की बाबा पुन्हा उताणे. तक्के लावले, ते बाजूला गेले. मी पाठीशी बसून राहिले, तर शाळा बुडायला लागली. शेवटी धाकट्या भावाच्या खेळण्यांत मला एक लाकडी कांडी सापडली. साच्यात बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत जिच्यावर गुंडाळलेलं असतं, ती. टोक फुटलेल्या कांड्या चाळीतली पोरं विटी म्हणून वापरायची. ही कांडी बंडीच्या पाठीवर शिवली तर? उताणे झाले की टोचेल आणि आपसूक कुशीवर वळतील. पण एवढं जाड शिवण चाळीत एकाच बाईला जमायचं.

मी बंडी घेऊन काकूंच्या दारात गेले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तुझ्या आवशीक ठावक आसा?" मी नाही म्हटलं. त्यांनी दाभण काढली. कांडीला चिंध्या गुंडाळल्या, वर पिशवी केली आणि दात आवळून टाके घातले. "तेंची झोप माका पण होवक व्हयी गो," त्या म्हणाल्या, "मी काय वैरीण?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाबांनी बंडी घातली आणि कपाळाला हात लावला. "रातभर मी कांडी बदलतंय, आता कांडी माका बदलतली!" पहिले काही दिवस त्यांनी शिव्या घातल्या, एकदा बंडी काढून भिरकावलीही. मी ती उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिली. आईने टाके पाहिले. हात कुणाचा ते तिला कळलं असणारच.

मग एका सकाळी बाबा घरी आले ते पेजेकडे न बघता आईसमोर जाऊन उभे राहिले. "जॉबर दोनदा येवन बघून गेलो," म्हणाले, "मी जागोच होतंय." डोळे लाल नव्हते. आईने पदर तोंडाला लावला. साचे बाबांकडेच राहिले होते.

त्या दुपारी बाबा कुशीवर झोपले. घोरणं हलकं, एकसारखं. गॅलरीतल्या बायका ते थांबायची वाट पाहत होत्या, पण ते थांबेचना. बुबुळं फिरायला लागली, बोटं थरथरली, तरी श्वास चालूच. काकू मिरच्यांनी भरलेलं सूप पुढ्यात घेऊन दाराशी ताटकळल्या होत्या. शेवटी कंटाळून त्यांनी ते आत न्यायला उचललं.

आई उठली आणि थेट त्यांच्या दारात गेली. कितीतरी महिन्यांनी.

"वैनी," ती म्हणाली, "कुटा मिरच्यो. तेंका जाग येवची नाय."

काकूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग खाली बसल्या, खलबत्ता सरळ केला आणि कुटायला लागल्या. आईही त्यांच्याजवळ बसून मिरच्यांची देठं काढू लागली. आमच्या खोलीपर्यंत मिरच्यांचा उग्र खाट आला, मला शिंका आल्या. बाबा झोपून होते.