महालक्ष्म्यांचे तीन दिवस

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, आणि देवापुढे तर मुळीच नाही — तिथे मी हात जोडून दुसरंच काहीतरी बोलते. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण.

मनूला, माझ्या मुलीला सांभाळायला प्रणाली आमच्याकडे राहायला आली तेव्हा मनू चार वर्षांची होती. प्रणाली साकोलीजवळच्या एकोडीची, एकोणीस वर्षांची, घरी थोडी धानाची शेती. मी तुमसरला ज्युनिअर कॉलेजात शिकवते, नवरा बँकेत. कोणीही म्हणेल, बाई ठेवली. पण आम्ही बाई ठेवणाऱ्यांतले थोडेच! माझी भाची जर्मनीत एका कुटुंबात 'ओ पेअर' म्हणून राहत होती — मुलं सांभाळायची, त्यांच्यातच राहायचं, त्यांची भाषा शिकायची, आपले सण त्यांना दाखवायचे. तो शब्द मला फार आवडला. स्टाफरूममध्ये मी तो तोंडभरून वापरायची. आमच्याकडेही अगदी तसंच आहे हो — तिला स्वतःची खोली, आमच्याबरोबर एकाच टेबलावर जेवण, दुपारी कॉलेज. मनू तिच्याकडून झाडीबोली शिकते, ती आमच्याकडून इंग्रजी. काकू नको, ताई म्हण, असं मीच तिला बजावलं होतं. बायका कौतुकानं बघायच्या आणि मी ते कौतुक मिटक्या मारत खायची.

प्रणालीचं घर बौद्ध. हेही मी सगळ्यांना सांगायची, कोणी विचारलेलं नसताना. कशाला सांगायची? तिची नव्हे, माझी ओळख करून द्यायला.

प्रणाली आली त्या वर्षीच्या नाताळात भाचीच्या जर्मन कुटुंबानं तिला घरी एकटं ठेवलं आणि सगळे आजीकडे जेवायला गेले. भाची फोनवर रडली. मी किती संतापले! ही कसली माणसं — पोरीला घरची म्हणायचं आणि सणाला बाजूला सारायचं? तासभर बोलले मी. प्रणाली शेजारीच मनूला भरवत होती. ऐकत होती.

मग भाद्रपद आला. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. सासूबाई आंधळगावहून मुखवटे घेऊन येतात. तीन दिवस सोवळं, सोळा भाज्या, आंबील, पुरण. प्रणाली आठवडाभर आधीपासून मनूबरोबर अंगणात लक्ष्मीची पावलं काढायचा सराव करत होती. मला म्हणाली, "ताई, मी पूजा-गिजा नाही करत, आमच्यात नाही राहत. पन भाज्या चिरून देईन, सोळाच्या सोळा."

भाज्या चिरून देईन! मी हसून "हो हो" म्हटलं. सासूबाई काय म्हणतील? पंगतीला येणाऱ्या जावा काय म्हणतील? नैवेद्याला हिचा हात लागला तर? — हे शेवटचं सासूबाई म्हणतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं. आपली घाण दुसऱ्याच्या नावावर ठेवणं किती सोयीचं असतं, बघा.

सरळ सांगता आलं असतं, की चार दिवस घरी जाऊन ये. पण मग माझ्या त्या शब्दाचं काय? टेबलाचं काय? ताईचं काय? म्हणून मग मी — सांगतेच आता — आदल्या दिवशी ती कॉलेजातून आली तेव्हा चेहरा पाडून तिला म्हटलं, "तुझ्या घरून फोन आला होता. तुझा लागत नव्हता म्हणे. आई खूप आजारी आहे. लगेच निघ."

तिनं आईला फोन लावला. कोणी उचलला नाही. निंदणाचे दिवस होते. आई फोन घरीच ठेवून बांधीत, धानाच्या शेतात जाते, हे मला तिनंच कधीतरी सांगितलं होतं. तेही मी वापरलं.

ती पांढरीफटक पडली. चपला उलटसुलट घातल्या. साकोलीच्या बसमध्ये मीच तिला बसवून दिलं, पाण्याची बाटली दिली, वर पाठीवरून हात फिरवला. कुठल्या तोंडानं? याच.

सासूबाई आल्या. दारातच त्यांनी विचारलं, "ते पोरगी कुठं हाय व? तिच्यासाठी बी बांगड्या आनल्या, मनूसारख्याच." मी आईच्या आजाराचं सांगितलं. त्यांनी महालक्ष्म्यांपुढे पदर पसरून त्या धडधाकट बाईसाठी आरोग्य मागितलं. मी शेजारी उभी राहून डोळे मिटले. दोष द्यायला मला सासूसुद्धा उरली नाही.

चौथ्या दिवशी प्रणाली परत आली. नवऱ्यानं विचारलं, "कशी हाय व तुई माय आता?"

तिनं माझ्याकडे पाहिलं — रागानं नाही, तो तरी सोसला असता — आणि म्हणाली, "ताप होता भाऊजी. उतरला."

एकोणीस वर्षांच्या पोरीनं माझं खोटं माझ्याच घरात झाकलं, आणि मी ते झाकू दिलं.

नंतर स्वयंपाकघरात, मनूचा डबा भरता भरता ती हळूच म्हणाली, "पुढच्या साली सिधं सांगजा, ताई. मी जाईन. मायले बिमार नका पाडू."

'तू कुठंही जायचं नाहीस' — एवढंच तर म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. मी म्हटलं, "बरं."

आणि पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी सासूबाईंनी फोनवर मला बजावलं, "या वेळी पोरीले ठेवजो." तरी मी प्रणालीला सांगितलं — महालक्ष्म्या आहेत, चार दिवस घरी जाशील ना? या खेपेला आपण खोटं बोललो नाही, याचं मला समाधानसुद्धा वाटलं. तिनं पिशवी आधीच भरून ठेवली होती.