तेवीस किलोत बसलेली नऊ वर्षं

पातूरला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. जेवणं उरकत आली होती, तेवढ्यात यजमानांचा फोन आला. "वहिनी गेल्या. तू ये." बस, एवढंच. निर्मलाबाई म्हणजे माझी मोठी जाऊ, यजमानांच्या थोरल्या भावाची बायको. मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. त्या दिवशी सकाळी नेहमीसारख्या अमरावतीच्या आमच्या भाजीच्या दुकानात आल्या, मेथीच्या जुड्या पाणी मारून लावल्या, "थकल्यासारखं होऊन राहिलं" म्हणून खुर्चीवर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. पातूरहून अकोला, अकोल्याहून अमरावती... सगळ्या वाटेत माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

रडू आलं ते शोकसभेत, आणि तेही रागानं. एकेक माणूस उठत होता आणि तेच बोलत होता. निर्मलाबाई फार सोशिक होत्या. कधी कोणाला उलटून बोलल्या नाहीत. मी मागे बायकांत बसून ऐकत होते. सव्वीस वर्षं त्या बाईबरोबर एका चुलीवर रांधलं मी. तिला आता बोलता येत नाही म्हणून तिची गरीब गाय करून टाकायची? आमच्याकडे अशा सभेत बायका बोलत नाहीत, म्हणून हे इथे लिहिते आहे. बारावीनंतर माझ्या हातात खडू आला तो दुकानाच्या पाटीवर भाव लिहायला. चुकलंमाकलं तर ते माझं. पण बाई सोशिक नव्हत्या, हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बाईंना एकच मुलगी, वैशाली. सोळा वर्षांपूर्वी अकोल्याला शिकताना तिनं तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं. जात दुसरी. मुलगा चांगला, नोकरी चांगली, पण आमच्या घरात ते कोणी विचारलं नाही. थोरले भाऊजी, म्हणजे वैशालीचे वडील, म्हणाले, आपली पोरगी मेली असं समजायचं. माझ्या यजमानांनीही मान डोलावली. वैशाली अंगावरच्या कपड्यांनिशी गेली आणि वर्षभरात नवऱ्याबरोबर आयर्लंडला पोचली. भाऊजींनी तिच्या वस्तू जाळून टाका म्हणून सांगितलं होतं. बाईंनी "हो" म्हटलं, आणि सगळं एका जुन्या पेटीत भरून, वर कांद्याची रिकामी पोती टाकून माळ्यावर ठेवलं. फोनवर बोलणं व्हायचं ते माझ्या मोबाइलवरून, दुपारी दुकान थंड असताना. अशी नऊ वर्षं गेली. मग भाऊजी आजारी पडून वारले. वर्षश्राद्ध झालं, आणि चौथ्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "रेखा, मले पासपोर्टाचा फारम भरून दे."

घरात वादळ उठलं. यजमान स्वभावानं वाईट नाहीत, पण भावाचा शब्द म्हणजे त्यांना दगडावरची रेघ. ते म्हणाले, "वहिनी, दादाचा शब्द होता. त्या पोरीच्या घरी पाय ठेवला, तर या घराचा दरवाजा बंद समजा." बाई त्या वेळी चवळीच्या शेंगा मोडत होत्या. हात थांबला नाही. "भाऊजी, या घराचा अर्धा दरवाजा माहा हाय. तुमी तुमचा अर्धा बंद करा, मी माह्या अर्ध्यातून येईन." यजमान जेवण न करता उठून गेले. मला वाटलं, आता बाई रडतील. त्यांनी शेंगा संपवल्या आणि विचारलं, "इमानात किती वजन नेऊ देतात?"

तेवीस किलोची एक बॅग आणि हातात सात किलो. मी सांगितलं तेव्हा त्यांनी माळ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी माळ्यावरची पेटी खाली काढली. वैशालीची गुणपत्रकं, फोटोंचे दोन अल्बम, वक्तृत्वात मिळालेला चषक, कॉलेजचे ड्रेस, जाड बूट, लोकरीचा स्वेटर, बाईंनी स्वतः शिवलेली वाकळ, म्हणजे आमच्याकडची गोधडी. वर बाईंनी केलेल्या कुरड्या, लिंबाचं लोणचं, हळद, तिखट. सगळं पोत्यात घालून दुकानातल्या काट्याला लटकवलं तर पस्तीस किलो. मी म्हटलं, "बाई, पाच-सहा किलो तरी ठेवावं लागेल." त्या म्हणाल्या, "काहून ठेवावं लागेल? आधीच सगळं माघारी ठेवून गेली थे."

संत्र्याच्या हंगामात बाईंनी कितीतरी वर्षं पेट्या भरल्या होत्या. पेटी हलवली आणि आतून आवाज आला, तर जागा वाया गेली असं त्यांचं म्हणणं. त्यांनी अल्बमचे जाड पुठ्ठे बाजूला टाकले आणि फोटो तेवढे पाकिटांत भरले. तीन किलो तिथंच गेले. चषकाचा दगडी तळ स्क्रू काढून वेगळा केला, वरचा पितळी पेला घेतला आणि पेल्याच्या पोकळीत हळदीची पुडी बसवली. ड्रेस घडी न घालता घट्ट गुंडाळले, वाकळीची वळकटी करून साडीच्या काठानं आवळली आणि तिच्या पोटात चषक. लोणचं दोन पिशव्यांत बांधून डब्यात, डबा मोठ्या बॅगेच्या मधोमध. त्यांच्या स्वतःच्या साड्या किती? तीन. "मले कोन पाहून राहिलं तिथं?" गुणपत्रकं मी मोठ्या बॅगेत ठेवायला गेले, तर हातावर चापट बसली. "थे माह्याजवळ. बॅग हरवली तर लोनचं हरपन. कागद नाही हरपले पाह्यजे." पासपोर्ट, तिकीट, औषधं आणि एक दिवसाचे कपडेही त्याच हातातल्या पिशवीत. तरी दोन किलो जास्त भरत होते. बाईंनी वैशालीचा स्वेटर आणि जाड बूट बाहेर काढले आणि म्हणाल्या, "हा अंगात घालतो, हे पायात." मे महिना होता. अमरावतीचा मे महिना बाहेरच्यांना सांगून कळायचा नाही.

यजमान सोडायला आले नाहीत. आम्ही दोघी एसटीनं नागपूरला गेलो. लोक रुमाल ओले करून डोक्यावर ठेवत होते आणि बाई लोकरीचा स्वेटर घालून, पायात आयुष्यात पहिल्यांदा बूट घालून, मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, ताप आहे का?" "नाही. पोरीकडं जाऊन राहिली." यात स्वेटरचा काय संबंध, हे त्या बिचाऱ्याला कळलं नसेल.

विमानतळाच्या दारातून त्या आत गेल्या आणि पुढचं मला त्यांनी परत आल्यावर सांगितलं. काउंटरवर बॅग ठेवली तर आकडा चोवीसच्या वर. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजी, काहीतरी काढावं लागेल. मागे रांग. एखादी घाबरून तिथंच बॅग उघडून बसली असती. बाई तीस वर्षं काट्यासमोर उभ्या राहिलेल्या. त्यांनी वाकून पाहिलं. मागच्या माणसाची ट्रॉली पुढे सरकून बॅगेला टेकली होती. "दादा, तुमची गाडी मांगं घ्या. माह्या वजनात तुमचं वजन जाऊन राहिलं." ट्रॉली मागे झाली आणि आकडा आला बावीस किलो सातशे. पुढे दोन ठिकाणी विमान बदलायचं होतं. एकटीनं, इंग्रजीचं अक्षर न येता, चिठ्ठी दाखवत दाखवत त्या पोचल्या. वैशालीनं नंतर मला सांगितलं, आई बाहेर आली ती माझा स्वेटर घालून... मला आधी स्वेटर ओळखू आला, मग आई.

तीन महिन्यांनी त्या परतल्या आणि खरोखर स्वतःच्या अर्ध्या दरवाज्यातून घरात शिरल्या. यजमान दोन आठवडे बोलले नाहीत. मग हर्रासात, म्हणजे मंडीतल्या लिलावात, वांगी महाग पडली तेव्हा सल्ला विचारायला आलेच. त्यानंतर बाई आणखी दोनदा जाऊन आल्या, आणि दर वेळी त्याच धमकीला तेच उत्तर दिलं.

गल्लीत ही बातमी पसरली तशा पोरी येऊ लागल्या. कोणी नोकरीला बेंगळुरूला, कोणी लग्न होऊन परदेशी. बाई पलंगावर बॅग उघडायच्या आणि सगळं बाहेर काढून पुन्हा भरायच्या. नांदगाव खंडेश्वरची एक नवी नवरी आली होती, दुबईला निघालेली. बरोबर सासू. बाईंनी तिची बॅग भरता भरता विचारलं, "तुहा पासपोर्ट कोनाजवळ राहीन?" सासू म्हणाली, "हिच्या सासऱ्याजवळ दिला हाय. थे देतीन आमच्या पोराच्या हातात." बाईंनी हातातली साडी खाली ठेवली. "मंग बॅग भरून काय फायदा? जिचा कागद तिच्या पिशवीत. थो आना, मंग मी पुढचं भरतो." सासू रागावली, बडबडली, पण तासाभरात पासपोर्ट आला. बाईंनी तो मुलीच्या हातातल्या पर्समध्ये, आतल्या कप्प्यात ठेवला आणि चेन तिलाच लावायला सांगितली. सोशिक म्हणे.

तेराव्याला वैशाली आली होती. आयर्लंडहून निघालेली पोरगी एवढीशी बॅग घेऊन आली, कारण रडत रडत काय भरणार? पंधरा दिवस ती बाईंच्या खोलीत राहिली. यजमान समोरून जायचे, पण एक शब्द बोलले नाहीत. जायच्या आदल्या दिवशी बाईंच्या साड्या मी तिच्या बॅगेत भरल्या. पहिल्यांदाच एकटीनं. तीनदा उपसल्या, तीनदा भरल्या. वैशाली पलंगाच्या कडेला बसून बघत होती. म्हणाली, "काकू, आता माह्याकडं कोन येईन?"

बाहेर यजमान ऐकत होते, हे मला माहीत होतं. म्हणून मोठ्यानं म्हटलं, "मी येईन."

गेल्या मंगळवारी माझ्या पासपोर्टाच्या चौकशीला पोलीस ठाण्यातून शिपाई आला. आमच्याच दुकानातून भाजी नेणारा, ओळखीचा. यजमान ओसरीत कोथिंबीर निवडत बसले होते. शिपायानं वही उघडली. "कोनाकडं जाऊन राहिल्या, काकू?"

"माह्या पोरीकडं."

"तुमाले तर दोन पोरगेच ना?"

मी काही बोलायच्या आत यजमान मान वर न करता म्हणाले, "पोरगी नाही. पुतनी हाय आमची." मला खोटं पाडायला बोलले होते ते. बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं असावं, कारण कोथिंबीर निवडणारा हात थांबला.

"नाव काय तिचं?" शिपाई त्यांच्याकडे पाहत होता. मला सांगता आलं असतं. मी मुद्दाम गप्प राहिले.

"वैशाली," यजमान म्हणाले. थोडं थांबून त्यांनी भावाचं नावही सांगितलं. "वैशाली वसंतराव."

शिपायानं लिहून घेतलं आणि मी चहा ठेवायला आत गेले.