हिरवी टाचणी

माझ्या लेकीचा, रेवाचा क्लास लांबच्या नव्या जागेत गेला, तेव्हा मी मोबाइलमधल्या नकाशावर तिच्यासाठी खुणा करायला बसले. बोट दाबून धरलं की लाल टाचणी उभी राहते आणि तिला हवं ते नाव देता येतं. मी नावं देत गेले : ‘इथे दिवा नसतो’, ‘मोकाट कुत्री’, ‘ओळखीचं मेडिकल, काही वाटलं तर सरळ आत शिर’. आधी त्या नकाशात नुसते रस्ते होते. बघता बघता तिथे माझी धास्ती दिसायला लागली. तरी मनाला बरं वाटत होतं. भीतीला जागा नेमून दिली की उरलेलं शहर निर्धास्त होतं, अशी आपली एक समजूत. शेवटी आमच्या इमारतीवर मी हिरवी टाचणी लावली : ‘घर’. तिथे कसली आलीय काळजी!

रेवा शेजारी बसून बघत होती. "आई, दे जरा इकडे," म्हणाली. तिने नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला आणि हिरव्या टाचणीला अगदी खेटून एक लाल टाचणी लावली. नाव लिहिलं, ‘दुसरा मजला’.

"इथे काय आहे गं?"

"ते काका दारात उभे असतात. मी फोन कानाला लावून पळतच वर येते."

आमच्या घराची जादा किल्ली कित्येक वर्षांपासून त्यांच्याकडेच असते.