एकटीनं पाहिलेलं मोंबासा

वर्षाची सुट्टी म्हणजे मी पुण्याला भावाकडे जाणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी कुवेतला नर्स, बिनलग्नाची. सुट्टीत भावाकडे उतरायचे आणि महिनाभर त्याच्या ओट्यापाशी उभी राहायचे. त्या वर्षी मी भावाला फोनवर सांगून टाकलं, "मी मोंबासाला चाललेय. समुद्र बघायला."

"कुवेतला समुद्र नाही का?"

"आहे. पण तिथे मी ड्युटीवर असते."

"एकटी बाई, आफ्रिकेत? लोकांना काय सांगू?"

"मोंबासाला गेलीय म्हणून सांग." मी फोन ठेवला.

कुवेतमधल्या मिरकाब भागात एका ट्रॅव्हल एजंटकडे तिकीट काढायला गेले. तिथले काका रत्नागिरीकडचे. त्यांच्या वडिलांनी मोंबासात कापडाचं दुकान चालवलेलं.

"एकट्याच जाणार, सिस्टर?"

"एकटीच."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मग नीट ऐका. पीतज्वराची लस घ्या, मलेरियाच्या गोळ्या निघायच्या आधीच सुरू करा. सोन्याच्या बांगड्या इथंच ठेवा. जुन्या शहरात खांदे झाकून फिरा. बंदराचे फोटो काढू नका, पोलीस कॅमेरा ठेवून घेतात. नळाचं पाणी नको, शहाळं प्या. आणि खोली इथूनच ठरवा."

खोली ठरवलीच होती. तरी मोंबासाला पोचल्यावर हॉटेलातला माणूस माझ्या पाठीमागे नवरा शोधत राहिला. मग म्हणाला, "एकट्या बाईला आम्ही खोली देत नाही."

मी बॅग दारातच आडवी केली आणि तिच्यावर बसले. चपला काढल्या. "मग मी इथंच झोपते. तुमची गिऱ्हाइकं मला ओलांडून जातील."

लोक थांबून बघायला लागले. थोड्या वेळानं मालकच आला आणि किल्ली पुढे केली.

"समुद्राकडची द्या," मी म्हटलं.

मिळाली मागच्या गल्लीकडची, भटारखान्याच्या धुराची. पण दार आतून बंद केलं आणि एकटीच मोठ्यानं हसले. आठवडाभर खांद्यावर तिथलं रंगीत कापड घेऊन जुन्या गल्ल्या तुडवल्या, शहाळी प्यायले, संध्याकाळी वाळूत पाय पसरून बसले. कुणासाठी चहा टाकायला उठायचं नव्हतं.

परतल्यावर भावाचा फोन आला. "झाली हौस?"

"अजून नाही," मी म्हटलं.