आजोबांच्या हातातली बंदूक

तीन आठवडे खपून मी एक बंदूक बनवली आणि एका दुपारी ती स्वतःच्या हातानं मोडली. बंदूक माझ्या करंगळीएवढी होती. पण तिच्यामुळे जेवढी भांडणं झाली तेवढी खऱ्या बंदुकीनंही आमच्या गल्लीत कधी झाली नसती.

आधी ती बनवली का, ते सांगते. घाटकोपरला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर वाचनालय उघडायचं ठरलं. कमिटीनं एक काचेचं कपाट आणलं आणि त्यात काय ठेवायचं यावर तीन मीटिंगा झाल्या. कुणी म्हणालं, कॅरमच्या ट्रॉफ्या. कुणी म्हणालं, प्लॅस्टिकची कमळं. मी उभी राहिले आणि म्हणाले, आपला सैनिक ठेवा. मालाडच्या मॉलपासून मुलुंडच्या गिफ्टच्या दुकानापर्यंत कुठंही जा, टेबलावर ठेवायचे छोटे सैनिक मिळतात. घोड्यावरचे मिळतात, तलवार उपसलेले मिळतात, लाल डगल्यातले गोरे साहेब तर ढिगानं. खाकी हाफपँट घालून पायी चालणारा, आपल्या चेहऱ्याचा एकही मिळत नाही. मग तो आपणच घडवायचा. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझी जीभ जरा जास्तच सुटते. तिथंच जाहीर केलं: तो सैनिक म्हणजे माझे आजोबा असतील, आणि तो अस्सल असेल, अगदी बटणापर्यंत.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. मी जन्मले तेव्हा ते नव्हते. होता तो फक्त त्यांचा फोटो, आमच्या बाहेरच्या खोलीत, पंख्याच्या रेग्युलेटरच्या वर. खाकी शर्ट, हाफपँट, पायात बूट, उजव्या हातात बंदूक, नजर सरळ. या फोटोखाली बसून मी दहावीचा अभ्यास केला, आणि या फोटोखाली बसूनच पहिलं पत्रक लिहिलं.

पत्रकं लिहिणं हे माझं कामच आहे. देवनारच्या कचऱ्याच्या धुरावर लिहिलीत, आरेतल्या पाड्यांच्या पाण्यावर लिहिलीत. पत्रकाचा नियम एकच, चालता माणूस पहिल्या ओळीला थांबला पाहिजे. वाचनालयाच्या पत्रकाची पहिली ओळ मी लिहिली: ‘या हातांत बंदूक होती!’ पाचशे प्रती छापल्या आणि वस्तीत घरोघरी वाटल्या. पुतळा तेव्हा निम्मासुद्धा झाला नव्हता.

माझे पप्पा दातांच्या कवळ्या बनवतात. स्टेशनजवळच्या लॅबमध्ये तीस वर्षं मेणात दात कोरत आलेत. त्यांच्या जुन्या सुऱ्या, कोरण्या, स्पिरिटचा दिवा, सगळं मी उचललं. गळका नळ बुजवायची दोन भागांची पुटी असते ना, हार्डवेअरवाल्याकडे मिळते ती, तीच मळून मी तांब्याच्या तारेच्या सांगाड्यावर चढवायला लागले. चार बोटं उंचीचा माणूस. मळल्यावर तासाभरात पुटी दगड होते, तेवढ्यात शर्टाची चुणी पडली तर पडली. इंजेक्शनची सुई घासून सपाट केली आणि तिचं टोक ओल्या पुटीवर हलकेच टेकवलं की गोल बटण उमटतं. ही युक्ती माझी. अजून कुणाला सांगितली नव्हती.

पप्पांनी एकदाच तोंड उघडलं.

“कवळी बनवताना काय करायचं नाही माहितीये?”

“काय?”

“छान दात बनवायचे नाहीत. त्या माणसाच्या तोंडात होते तसले बनवायचे. छान बनवले की जेवता येत नाही त्याला.”

“म्हणजे काय पप्पा?”

“म्हणजे काही नाही. कर तू.”

मी तेच करत होते असं मला वाटत होतं. शर्टाच्या खिशाची झाकणं मोजली. घोट्यावरच्या पट्ट्यांचे वेढे भिंगातून मोजले. जे फोटोत दिसत नाही ते घडवायचं नाही, हा माझा कायदा. फक्त एका ठिकाणी मी तो मोडला. फोटोतल्या बंदुकीला खटका दिसत नव्हता. फोटो जुना, पुसट, म्हणून दिसत नसेल असं मी धरलं आणि त्या काळातल्या बंदुकीची चित्रं बघून खटका बसवला. झकास बसला. तो बघून मीच खूश झाले.

मग बुटांची वेळ आली. फ्रेमच्या आतल्या पुठ्ठ्यानं फोटोची खालची पट्टी झाकलेली होती, बुटांचे शेंडे दिसतच नव्हते. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी तो फोटो भिंतीवरून काढला, मागचे खिळे उचकटले आणि पुठ्ठा बाजूला केला. बुटांचे शेंडे दिसले. बुटांखाली फुलाफुलांचा गालिचा दिसला. आणि गालिच्यावर टेकलेला बंदुकीचा दस्ता दिसला. त्यावर ब्रशनं, पांढऱ्या रंगात, मोठा आकडा काढला होता: सात.

लष्कर दस्त्यावर असा दुकानाच्या पाटीसारखा आकडा रंगवत नाही. मी भिंग लावलं. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये फटच नव्हती. एका फळीतून कापलेली बंदूक होती ती. खटका पुसट झाला नव्हता, तो नव्हताच.

पप्पांना दाखवलं. त्यांनी माझ्या हातातलं भिंग घेऊन आकड्यावर धरलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मी जन्मलो तेव्हा आबा चाळिशीला आलेले. युद्धाचं नाव काढलं की उठून जायचे. आक्काला विचार. ती त्यांच्या मागंमागंच असायची.”

आक्का म्हणजे माझी आत्या, पप्पांची थोरली बहीण. गोवंडीला राहते, घाटकोपरहून एका बसवर. तिच्याकडे मी महिन्यातून दोनदा जाते, तिच्या बिल्डिंगच्या लिफ्टसाठी अर्ज लिहून देते, तिच्या हातची बाजरीची भाकरी खाते. आजोबांबद्दल तिला काही विचारावं हे मला एकदाही सुचलं नव्हतं. ज्यांना कुणी विचारत नाही त्यांच्याबद्दल मी पत्रकं लिहीत होते. असो. गेले.

फोटो टेबलावर ठेवला. आत्यानं चष्मा लावायचीही तसदी घेतली नाही.

“फोटोवाल्याची ती.”

“काय?”

“बंदूक गं. लाकडाची. त्याच्याकडं लई होत्या. ज्याला पायजे त्याच्या हातात द्यायचा. आबांनी सांगितलेलं मला.”

“आत्या, मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कधी? तू येती ती अर्ज लिहाया.”

“पत्रकसुद्धा वाटलं मी! पाचशे!”

“वाचलं की, गेल्या वेळी तूच देऊन गेलीस. छान लिहिलंयस. मला वाटलं, पत्रकात असंच लिहितात.”

हे शेवटचं वाक्य मला अजून टोचतं.

मग तिनं सांगितलं. आबा रस्ते बांधणाऱ्या तुकडीत होते, पार ब्रह्मदेशाच्या हद्दीवर. डोंगर फोडायचा, चिखलात बांबू अंथरायचे, रात्रीत वाहून गेलेला रस्ता सकाळी पुन्हा घालायचा. पुढे लढणारे जायचे ते त्यांच्या रस्त्यावरून. हातात फावडं. आबांनी लढणाऱ्या तुकडीत जायला मागितलं होतं. एकदा नव्हे, दोनदा. वरच्या साहेबानं नुसता हात बघितला म्हणे त्यांचा आणि म्हणाला, या हाताला फावडंच शोभतं. सुट्टीवर येताना पुण्यात फोटो काढला, तेव्हा फोटोवाल्यानं बंदूक पुढं केली. आबांनी घेतली.

“आणि उजव्या हातात दिली त्यानं,” आत्या म्हणाली, “आबा तर डावखुरे.”

मी पिशवीतून पुतळा काढला. उजव्या हातातली बंदूक, बसवलेला खटका, तीन आठवडे. आत्यानं तो डोळ्यांजवळ धरला.

“चेहरा जमलाय गं. पण असे उभे नाही राहायचे ते.”

“मग कसे?”

ती उठली. गॅलरीतून फरशी पुसायचा दांडा घेऊन आली. सत्तरीची बाई, गाऊनवर टॉवेल टाकलेला, आणि तिनं तो दांडा असा धरला की मी मोबाइलच काढला. कमरेत जराशी वाकून, डावा हात खाली, जवळजवळ खालच्या टोकाशी. उजवा वर, सैल. वजन मागच्या पायावर, आणि हनुवटी दांड्याच्या वरच्या टोकापासून दोन बोटं दूर. टेकलेली नाही.

“टेकायची नाही,” ती म्हणाली. “टेकली की मुकादम ओरडायचा. गावी आल्यावर शेतात पण असेच. मी म्हणायची, आबा, आता कोण ओरडतंय, टेका की. नाही टेकली कधी.”

मी चारी बाजूंनी फोटो काढले. शेजारीण दारातून म्हणाली, “काय आक्का, डान्स हाय का?” आत्या म्हणाली, “शूटिंग हाय. गप.”

तिथंच, तिच्या टेबलावर, मी ती बंदूक मोडली. पुटी कडक झाली होती, उजव्या हातासकट तोडावी लागली; फावड्यासाठी डावाही काढला.

मीटिंगमध्ये वाट लागणार हे मला ठाऊक होतं. उद्घाटन रविवारी, मीटिंग बुधवारी. मी नवे हात, नवं फावडं, नवी कंबर बसवून पुतळा नेला आणि सगळं सरळ सांगून टाकलं: बंदूक खोटी होती, पत्रकातली ओळ खोटी होती, चूक माझी. दुरुस्तीचं पत्रक मी काढीन.

कमिटीचे सेक्रेटरी काका पालिकेतून रिटायर झालेले. सफाई खात्यातून. त्यांनी पुतळा हातात घेतला नाही.

“दुरुस्तीचं पत्रक कोण काढतं गं? कुठल्या पक्षानं काढलंय आजपर्यंत?”

“मी काढीन.”

“हे बघ पोरी. माझ्या बापाच्या हातात झाडू, माझ्या हातात झाडू. फावडं, टोपली, झाडू, हेच बघत आलो आम्ही. काचेच्या कपाटात पण तेच ठेवायचं? एक दिवस पोरांना बंदूक बघू दे ना. कुणाचं काय जातंय?”

काकांचं म्हणणं मला मनापासून पटत होतं आणि तरी ते मान्य करता येत नव्हतं. कुणीतरी तोडगा काढला, फावडं राहू दे, पाठीला बंदूक लटकव. माना डोलल्या. मी उभी राहिले आणि सुरू केलं, “ज्या हातांनी रस्ते घडवले, त्याच रस्त्यांवरून—”

“ए बाय, भाषण नको,” मागून आत्या म्हणाली.

तिला मी फक्त बघायला म्हणून आणलं होतं. ती खुर्चीतून उठलीसुद्धा नाही.

“सेक्रेटरी, एक सांगू का? माझ्या बापानं बंदूक मागितली होती. दोनदा. दिली नाही. आता तुम्ही ह्या बाहुल्याला बंदूक दिली, तर बघणारा म्हणेल, अरे वा, दिली होती की ह्यांना. मग ज्यानं नाही म्हटलं तो सुटला ना?”

काकांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

“दोनदा मागितली?” त्यांनी विचारलं.

“दोनदा.”

“मी एकदा मागितली होती,” काका म्हणाले. “शिपायाची जागा. टेबलाजवळची. दिली नाही.” मग त्यांनी पुतळा उचलला, उजेडात धरला, फावड्यावरचे हात बघितले. “ही अशी हनुवटी का?”

“टेकायची परवानगी नव्हती,” मी म्हणाले.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “नसतेच.”

मग फक्त पाटीचा प्रश्न राहिला. मी चार ओळींचा मजकूर नेला होता, चांगला होता, वाचूनही दाखवला. काकांनी आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, “लिहा, बंदूक मागितली होती, दिली नाही. रस्ता बांधला.” तेच लिहिलं. दुरुस्तीच्या पत्रकाची पहिली ओळही मी तीच घेतली. पाचशे छापली आणि ज्या ज्या दारात पहिलं दिलं होतं त्या त्या दारात जाऊन दिलं. दोघांनी दार लावून घेतलं. एका म्हाताऱ्यानं मला आत बोलावून त्याच्या चुलत्याचं सांगितलं, ते एक वेगळंच प्रकरण आहे.

शनिवारी संध्याकाळी पुतळा कपाटात ठेवायला गेलो. मी, पप्पा, आत्या. पप्पांनी लॅबमधलं डोळ्याला लावायचं भिंग आणलं होतं. आत्यानं ते लावलं आणि पायापासून वर बघत गेली. बूट. पट्ट्या. डावा हात. हनुवटी.

“चांगला झालाय,” ती म्हणाली. “पण गळ्याजवळचं बटण कशाला लावलंस? आबा कधी लावायचे नाहीत. श्वास कोंडतो म्हणायचे.”

“आत्या, फोटोत लावलंय. बघ ना, स्पष्ट दिसतंय.”

“फोटोत बंदूक पण हाय.”

पप्पा इतके हसले की कपाटाची काच हलली. मी पुतळा बाहेर काढला, खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि पिशवीतून कोरणी काढली.