नथ्थूभाऊंचं गरम पाणी

नथ्थूभाऊंचा आवाज असा, की शहाद्याच्या आमच्या उपचार केंद्रात ते आतल्या खोलीत बोलले तरी बाहेर बाकावर बसलेला पेशंट ताठ व्हायचा. माणूस मनाने लोणी आहे, असं सगळे म्हणत. मीही म्हणायचे. आता वाटतं, मनातलं लोणी मनातच राहिलं तर दुसऱ्याला त्याचा काय उपयोग?

ते मूळचे माझ्याच गावचे, प्रकाशाचे. तापीकाठच्या केळीच्या आणि उसाच्या शेतांत वीस वर्षं त्यांनी पाइपलाइनी टाकल्या. केळीची वाळलेली पानं पेटवायची, पाइपचं तोंड जाळावर फिरवायचं, नरम पडलं की दुसऱ्या पाइपवर चढवायचं. कुठे थांबायचं ते त्यांना वासावरून कळे. आमच्या हाडांच्या डॉक्टरांच्या मळ्यात असंच काम चाललेलं असताना डॉक्टर बांधावर उभे राहून बघत राहिले. म्हणाले, "नथ्थूभाऊ, हे पाइपला करता तेच माणसाच्या हाताला कराल का?"

"हातले तपाडानं?" नथ्थूभाऊ दचकले.

हात नव्हे, हातावर बसवायची स्प्लिंट तापवायची. हात भाजला की जखम भरताना कातडी आखडते आणि बोटं तळव्याकडे ओढली जातात. ती सरळ ठेवायला आम्ही एक पांढरी प्लास्टिकची पट्टी बांधतो. हे प्लास्टिक साधं नाही. गरम पाण्यात टाकलं की मिनिटभरात आरपार दिसायला लागतं आणि कणकेसारखं मऊ होतं. हातावर दाबून धरलं की हाताचा आकार घेतं, निवलं की तसंच कडक राहतं. हातात फरक पडला, मूल वाढलं, की पुन्हा पाण्यात टाकायचं. घेतलेला आकार सोडून ते आपलं आपण सपाट होतं आणि नव्या आकाराला तयार असतं. एकच तुकडा आठ-दहा वेळा सहज चालतो.

पहिल्या दिवशी नथ्थूभाऊ तो तुकडा पाण्यात टाकून बाहेर काढत दुपारभर खेळत बसले. मला म्हणाले, "भूमिकाताई, हाई पाइपपेक्षा हुशार शे. पाइप एकदाव ऐकस, हाई रोज ऐकस."

हाताला गुण होताच. पुढच्या दहा वर्षांत त्यांच्यासारखी स्प्लिंट मी नाशिकलाही पाहिली नाही. पण लोक कसे वागतात ते सांगायला नको. एका आजोबांनी ती माशा मारायला वापरली. एका शेठजींनी गाडीत काचेमागे उन्हात ठेवली आणि वाकडीतिकडी करून आणली, वर आम्हालाच विचारलं, असला माल का देता म्हणून. त्यानंतर नथ्थूभाऊंनी पट्टी उन्हापासून आणि आगीपासून लांब ठेवण्याबद्दल एक भाषण तयार केलं आणि येईल त्याला तेच ऐकवायला लागले. "उनमा ठेवानं नही, आगजोडे न्यानं नही. बिगडनं ते दुसरं भेटाव नही!"

हे शेवटचं वाक्य धडधडीत खोटं होतं. कपाटात तुकडे होते, आणि बिघडलेल्याला दुसरा तुकडा लागतच नाही, पातेलंभर गरम पाणी लागतं. पण धाकाने लोक जपतात, असं त्यांचं म्हणणं. मी हसायचे. नवीन डॉक्टर आले की मी त्यांना ते भाषण नथ्थूभाऊंच्या आवाजात करून दाखवायचे. मी शिकलेली थेरपिस्ट होते, त्यांना थांबवणं माझं काम होतं.

चार वर्षांपूर्वी, थंडीच्या तोंडावर, धडगावच्या पलीकडच्या पाड्यावरून आमशा नावाचा एक पावरा आदिवासी शेतकरी आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आला. रमिला तिचं नाव. खेळता खेळता निखाऱ्यांवर पडली होती, उजवा तळवा भाजला होता. ऑपरेशन करून नवी कातडी लावलेली, आता बोटं सरळ ठेवायची होती. दोघं पाड्यावरून चालत धडगावला, तिथून जीपने घाट उतरून खाली आणि मग एसटीने, असे आले होते. नथ्थूभाऊंनी त्या दिवशी जीव ओतून काम केलं. पोर रडू नये म्हणून कापून उरलेला बारका तुकडा पाण्यात मऊ करून तिच्या डाव्या बोटाला अंगठी करून दिली. ती हसली. मग ते बापाकडे वळले आणि त्यांनी भाषण केलं, नेहमीच्या आवाजात, बोट नाचवत.

आमशाला नथ्थूभाऊंची अहिराणी थोडी आणि मराठी त्याहून थोडी येत होती. तो मान हलवून "हा, हा" म्हणाला. मी सूचनांचा छापील मराठी कागद दिला. त्याने तो घडी घालून खिशात ठेवला. पुढच्या महिन्यात या, म्हणून सांगितलं.

ते आले नाहीत. मी दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा संपर्काबाहेर. मग मी फाइलवर सुवाच्य अक्षरात लिहिलं : पालक निष्काळजी.

यंदा फेब्रुवारीत धडगावला आमचं शिबिर होतं. रांगेत आमशा उभा होता, शेजारी आश्रमशाळेच्या गणवेशात रमिला. आता ती सहावीत होती. उजव्या हाताची तीन बोटं तळव्यात रुतून बसली होती. आमशाने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. पापडासारखा सपाट पांढरा तुकडा. त्यावर नथ्थूभाऊंच्या अक्षरात पेनने लिहिलेलं : रमिला, उजवा.

"काबर नही उनात रे भाऊ?" नथ्थूभाऊंनी न येण्याचं कारण विचारलं. आवाज चढला नव्हता, पण आमशा एक पाऊल मागे सरला. तो खाली बघून त्याच्या पावरी बोलीत बोलत राहिला आणि रमिलाने शाळेतल्या मराठीत सांगितलं.

"बाबा म्हणतात, आम्ही मोडलं नाही. सकाळी ते खूप गार लागायचं, मी रडायची. म्हणून आईने चुलीजवळ ठेवलं, आगीत नाही, जवळ. ते सरळ झालं. तुम्ही म्हणाला होता, बिघडलं तर दुसरं मिळणार नाही. मग कोणत्या तोंडाने यायचं? पण वस्तू तुमची आहे, म्हणून सांभाळून ठेवली. परत द्यायला आणली."

याच माणसाला मी निष्काळजी ठरवलं होतं.

नथ्थूभाऊंनी रमिलाचा हात हातात घेतला आणि बोटं हलकेच उघडून पाहिली. ती उघडली नाहीत. डॉक्टरांनीही पाहिलं. म्हणाले, ऑपरेशनने थोडी सुटतील, पण सांधे धरलेत, पहिल्यासारखा हात होणार नाही. नथ्थूभाऊ मला म्हणाले, "मन्हा तोंडनी चूक शे, ताई. त्या पोरना हात मी खाई टाका." मी नाही म्हणू शकले नाही, आणि फक्त तुमची नाही, असंही त्या वेळी म्हणाले नाही. ते म्हणायला हवं होतं.

रमिला डाव्या हाताने लिहायची आणि अक्षरावरून शाळेत बोलणी खायची. नथ्थूभाऊंनी पाणी तापवलं, तो जुना तुकडा त्यात टाकला, कापला आणि तिच्या मिटलेल्या मुठीवर पेन अडकवायची पट्टी बसवली. तिने उजव्या हाताने कागदावर आपलं नाव लिहिलं, हळूहळू, वेडंवाकडं. आजूबाजूचे कौतुकाने बघायला लागले. नथ्थूभाऊ बघत नव्हते.

रमिलाने पट्टीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "काका, हे पुन्हा सपाट झालं तर तुम्ही ओरडाल?"

ज्यांच्या आवाजाने भिंतीपलीकडचा माणूस सरळ बसायचा, त्यांचा आवाज फुटेना. "नही बेटा," ते कसेबसे म्हणाले. "कितलाबी येळा लई येजो." कितीही वेळा घेऊन या, असं तिने बापाला सांगितलं. आमशाने मान हलवली. "हा, हा."

चार वर्षांपूर्वीचा तोच शब्द ऐकताच नथ्थूभाऊ उठले. तिच्या हातावरची नवी पट्टी काढली आणि सरळ पातेल्यात टाकली. आमशा ओरडलाच. पट्टी आरपार झाली, उलगडली, सपाट झाली. नथ्थूभाऊंनी चिमटा आमशाच्या हातात दिला आणि त्याच्या मागे उभे राहिले. आमशाने जपून ती बाहेर काढली, निथळली, लेकीच्या मुठीवर ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरली. निवेपर्यंत त्याने श्वास सोडला नसावा. मग हात काढला. पट्टी बसली होती.

तो पातेल्याकडे बघत राहिला, मग लेकीला काहीतरी म्हणाला.

"बाबा विचारतात," रमिला म्हणाली, "एवढंच होतं का?"

"हा, बेटा," नथ्थूभाऊ म्हणाले. "इतलंच व्हतं."