तोंड शोधणारे पेंटरकाका

पेंटरकाका अनोळखी माणसाकडे असं टक लावून बघत, की समोरच्याने आधी आपला खिसा चाचपावा. आम्ही नागपूरच्या महाल भागात एकाच गल्लीत राहायचो. त्यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे फजिती ठरलेली. भाजीवालीशी भाव करता करता हे मध्येच गप्प व्हायचे आणि तिच्या भुवया न्याहाळत बसायचे. ती बिचारी पदर सावरायची. मी लाजेने मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे.

पोटासाठी ते दुकानांच्या पाट्या रंगवत. पण त्यांचं नाव होतं ते वेगळ्याच कामासाठी. मी शाळेतून कॉलेजात गेले ती सत्तरच्या आसपासची वर्षं. तेव्हा फोटो लोकांच्या वाट्याला लग्नात आला तर आला. पुष्कळ माणसं फोटोशिवायच जगायची आणि मरायची. मग घरचे हळहळायचे, की भिंतीवर हार घालायला काही नाही. अशा न पाहिलेल्या माणसाचं चित्र पेंटरकाका काढून देत. त्यासाठी ते घरातल्या एकाला सोबत घेऊन गर्दीत जाऊन बसायचे.

कामठीची एक म्हातारी नवऱ्याचं चित्र मागायला आली होती. काकांनी तिला गांधीबागेतल्या चहाच्या टपरीवर बसवलं. मलाही सोबत नेलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे बोट दाखवून ते विचारायचे, "आजी, असं नाक होतं काय?" ती म्हणायची, "नाई रे बावा, इतलं फताडं नोयतं." शेवटी कापडाचे गठ्ठे वाहणारा एक हमाल आला आणि म्हातारी चटकन उठून उभी राहिली. हमाल वैतागला, "काहून पाहून राहिला बे?" काका हात जोडून म्हणाले, "तुह्यं नाक पाहून राहिलो गा. दोन मिनिटं थांब, चहा पाजतो." विड्यांच्या बंडलाच्या कागदावर त्यांनी ते नाक उतरवून घेतलं. डोळे दुसऱ्या कुणाचे, कपाळ तिसऱ्याचं. चित्र पुरं झालं तेव्हा म्हातारीने ते पाहिलं आणि डोक्यावरून पदर ओढून घेतला. नवरा घरात आल्यावर घ्यायची, तसा.

"मेलेल्याचं तोंड कुठं जात नाई वं पोरी," काका मला म्हणायचे, "जित्या माणसाइमंदी वाटून जाते. पाहणारा पाह्यजे."

असा हा माणूस, आणि त्यांच्या स्वतःच्या मुलीचा, सुमनचा मात्र एकही फोटो नव्हता. एका दिवाळीत गल्लीत फोटोवाला आला. आम्ही सगळी पोरं पावडर फासून ओळीत उभी राहिलो. सुमन धावत आली, तर काकांनी तिला ओढून मागे घेतलं. "पेंटराच्या घरात फोटो कशाले? मी काढतो न तुह्यं चित्र, चांगलं रंगात." ती खट्टू झाली, मग लगेच विसरली. आधी गिऱ्हाइकांची कामं, मग सुमनचं चित्र, असं ते राहत गेलं. त्याच थंडीत तिला ताप आला. मेंदूत गेला म्हणाले. आठवडाही काढला नाही पोरीने.

दहनानंतर काकू बरेच दिवस बोलल्याच नाहीत. मग एकदा एवढंच म्हणाल्या, "अजी, साऱ्या नागपूरच्या मेलेल्यांचे तोंडं काढले तुमी. मले माही पोरगी काढून द्या."

काकांनी चित्र काढलं. काकूंनी पाहून मान हलवली. दुसरं काढलं. "फ्रॉक तिचाच हाय. पोरगी दुसऱ्याची हाय." तिसऱ्या वेळी त्या सरळ आत निघून गेल्या. अशी वर्षं गेली. काकूंना दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, बाजूचं दिसेनासं झालं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि उशीर झालाय, नजर जाणार, हेही सांगून टाकलं.

तेव्हापासून काका अक्षरशः पिसाटले. पाट्यांची कामं सोडली. कामठीच्या बसने उगीचच जायचे आणि यायचे, का तर एखादी पोर खिडकीशी बसलेली दिसावी. संत्र्यांच्या बाजारात, देवळाबाहेर, सिनेमाच्या रांगेत, जिथे आईचं बोट धरून मुली असतील तिथे हे उभे. एक दिवस मुलींच्या शाळेच्या फाटकाशी लोकांनी त्यांना धरलं आणि पोरं पळवणारा समजून बदडलं. माझे वडील त्यांना चौकीतून सोडवून घेऊन आले. ओठ फाटलेला, सदरा चिरलेला. आमच्या ओसरीवर बसून तो माणूस लहान मुलासारखा रडायला लागला.

"भाऊसाहेब, काय सांगू तुमाले? मले सुमनचं तोंडच आठवून नाई राहिलं. डोळे मिटले का लोकाइचेच पोरं दिसते. तिच्या मायची नजर चालली, आन् मी हातात काय देऊ तिच्या?"

वडिलांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. मला तर त्यांच्याकडे बघवेना. इतकं हरलेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात काकूंची नजर पुरती गेली. काकांनी ब्रश उचलून माळ्यावर टाकले.

एके सकाळी मी त्यांच्याकडे बसले होते. काकूंनी चाचपडत चहा केला, कुणाला हात लावू दिला नाही. मी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. साखरेऐवजी मीठ. काकूंनी स्वतःचा कप चाखला आणि एकदम हसल्या. सुमन गेल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलंच नव्हतं. ओठांची डावी बाजू आधी वर गेली, नाकाला बारीक सुरकुत्या पडल्या, मान खांद्याकडे कलली. हे हसू मी दुसऱ्या एका चेहऱ्यावर पाहिलं होतं. काकांकडे पाहिलं, तर त्यांच्या हातातला कप वाकडा झाला होता आणि चहा मांडीवर सांडत होता. ते उठले आणि माळ्यावर चढले.

चार दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. भिंतीला टेकवलेली सुमन माझ्याकडे बघून हसत होती. दिवाळीत फोटोसाठी धावत आली होती, तेव्हाची. मला हुंदका आवरला नाही.

काकू सुपात मेथी निवडत बसल्या होत्या. आवाजाच्या दिशेने तोंड करून त्यांनी विचारलं, "खरं सांग वं पोरी. माही सुमन हाय काय?"

"हो काकू. सुमनच आहे."

"कशी दिसते?"

"तुमच्यासारखी."

त्यांचे हात मेथीत थांबले. मग काका ज्या बाजूला उभे होते तिकडे वळून म्हणाल्या, "मंग साऱ्या गावात काहून फिरले तुमी? मी तं घरातच होती."

काका त्यांच्याजवळ खाली बसले आणि सुपातली मेथी निवडू लागले.